समुद्राकडे वळवलेली दुर्बीण

मित्रांनो, माझ्यात समोरून डोकावू नका. सगळे तसंच करतात आणि मग "काहीच दिसत नाही" म्हणून मलाच नावं ठेवतात. मी आरशाची दुर्बीण आहे, आता जुनी झाले. डोळा लावायचा तो माझ्या कुशीला असलेल्या छोट्या नळीला. एवढं ध्यानात ठेवलंत, की मी माझी कहाणी सांगायला मोकळी.

माझा जन्म कारखान्यातला नाही, डहाणूच्या एका शाळेतला. तिथल्या जतीन सरांनी माझ्या आरशासाठी काचेच्या दोन जाड चकत्या आणल्या, मधे पूड आणि पाणी घातलं आणि मुलांना घासायला बसवलं. एकेकाचा उत्साह आटत गेला. शेवटपर्यंत टिकली ती कल्पिता. मासेमारी करणाऱ्या मांगेल्यांच्या आळीतली पोर, घरी मासळी धुऊन धुऊन हात सोललेले, तरी शाळा सुटली की घासायला हजर. माझ्यातून पहिल्यांदा चंद्र पाहिला तेव्हा ती कितीतरी वेळ जागची हलली नाही. पुढे ती त्याच शाळेत विज्ञानाची बाई झाली आणि माझा ताबा तिच्याकडे आला.

दर हिवाळ्यात समुद्राकाठी, सुरूच्या झाडांना लागून विज्ञान जत्रा भरते. कोसबाड, गंजाड, पार झाईपासून माणसं येतात. दिवसभर मुलांचे प्रयोग, दिवेलागणीला मी. शनीची कडी पाहून एका म्हाताऱ्याने मला हात जोडले होते. तेव्हा मी फुशारून गेले होते, खोटं कशाला सांगू.

अशाच एका जत्रेत रांगेतून सुकी आली. तलासरीकडच्या पाड्यावरची. तिचा नवरा चैत्या पाऊस सरला की गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचा, तिकडचे बरेच गडी जातात तसाच. एकदा बोट हद्द चुकली आणि पलीकडच्या देशाच्या पहारेकऱ्यांनी सगळ्यांना धरून तुरुंगात नेलं. बाकीचे कालांतराने सुटून आले. चैत्या आजारी पडला म्हणून त्याला दुसरीकडे हलवलं, मग तो दिसला नाही, एवढंच त्यांना ठाऊक. पाड्यातले सांगू लागले, तो काही आता राहिला नसेल, त्याचे दिवस घाल. सुकी ऐकेना. मेल्याचा निरोप नाही, तर गळ्यातले मणी काढू कशी, म्हणायची.

"बाई, हिला समुद्राकडं फिरव," ती कल्पिताला म्हणाली.

"तिकडे काय बघायचंय?"

"माझा माणूस आहे तिकडं. पल्याडच्या काठाला."

कल्पिताने तिच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता मला वळवलं. सुकीने डोळा लावला. श्वास रोखून ती बघत राहिली.

"दिवा दिसतो," ती हळूच म्हणाली. "तिकडचा आहे काय?"

मासेमारीच्या बोटीचा दिवा होता तो. मांगेल्याच्या लेकीला ते कळत नाही होय? पण सुकीचा चेहरा असा काही खुलला होता, की कल्पिताची खरं सांगायला जीभ रेटेना.

"हो," ती म्हणाली. "तिकडचाच."

मला तोंड असतं तर मी तिथल्या तिथे बोलले असते. माझ्या आरशासाठी स्वतःचे हात झिजवणारी ही बाई, आणि तिने मला खोटं दाखवायला लावलं. सुकी मात्र हलक्या पावलांनी घरी गेली. दिवा आहे तर माणूस आहे, असं तिने पाड्यात सांगून टाकलं. दिवस घालायची गोष्ट तिथेच मिटली.

मग ती दर वर्षी यायची. धुतलेलं लुगडं, केसांत फूल. रांगेत उभी राहायची, एखादा दिवा बघायची, समाधानाने जायची. या खेपेला सांगते, असं कल्पिता मला पुसताना दर वेळी पुटपुटायची. आणि दर वेळी मला समुद्राकडे वळवायची.

सुकीची मुलगी कविता आश्रमशाळेत राहून शिकत होती. आई चंद्र बघायला येते, असंच ती समजून होती. मागच्या जत्रेत कवितानेही प्रयोग मांडला, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. एक मोठा चेंडू आणि त्यावर कागदाची होडी. होडी पुढे सरकवली की आधी तिचं बूड दिसेनासं व्हायचं, मग डोलकाठी.

सुकी लेकीसमोर उभी राहून कौतुकाने ऐकत होती.

"पृथ्वी अशी गोल आहे, आई. म्हणून समुद्राचा पलीकडचा काठ इथून दिसत नाय."

"दुर्बिणीतून?"

"कुठल्याच दुर्बिणीतून नाय. मधे पाण्याचाच फुगवटा येतो ना."

सुकीने चेंडूवर हात फिरवला. पोरीला पुन्हा एकदा होडी सरकवायला लावली. मग दिवेलागणीला ती माझ्याकडे आली. कल्पिता सवयीने मला वळवायला लागली, तर तिने माझ्या नळीवर हात ठेवला.

"राहू दे, बाई. तो दिवा कोणाचा होता?"

कल्पिताला मान वर करवेना. "बोटीचा. मासे धरायला गेलेल्या."

"म्हणजे त्यांच्या घरचे वाट बघत असतील," सुकी म्हणाली. तिने वळून लेकीकडे पाहिलं. "पोरीला सांगू नको, मी काय बघत होते ते. तिला आज बक्षीस आहे."

बक्षीस घेताना कविता आईला शोधत होती. आई पुढेच होती, टाळ्या वाजवत.

त्या उन्हाळ्यात सुकीने मणी उतरवले आणि चैत्याचे दिवस घातले. आईने इतकी वर्षं अडून राहून आत्ताच का मानलं, हे कविताला कळलं नाही. बापाचे दिवस आपल्या चेंडूने आणले, हे त्या पोरीला अजून ठाऊक नाही, आणि देव करो ते कधी ठाऊक न होवो.

कल्पिताने मला पुन्हा बाहेर काढलं नाही. मी शाळेच्या कपाटात आहे, खाऱ्या हवेने आरसा डागाळतोय. पण मला रडू येतं ते सुकीसाठी.

मित्रांनो, मला कोणी पुसलं नाही तरी चालेल. एवढंच करा, दूर गेलेल्या माणसाच्या वाटेला कोणी डोळे लावून बसलं असेल, तर त्याला खरं काय ते वेळेवर सांगा. आणि सांगून लगेच उठू नका, त्याच्या शेजारी बसून राहा.