ओट्यावर बसलेली एबीसीडी

वरची रेघ

भुरीची अक्षरं लटकत होती.

सुकेशनीने पाटीवर आडवी रेघ मारून दिली होती. तिच्यावर छोटी एबीसीडी बसवायची. साडेचार वर्षांच्या भुरीने ए, बी, सी सगळी रेघेखाली टांगली. वलणीवर धुणं टांगावं तशी.

चूक कुठून आली ते सुकेशनीला कळत होतं. भुरीची आजी भागिरथा प्रौढांच्या वर्गात सही शिकलेली. तिने घरी नातीला क, म, ल शिकवले. आधी रेघ, मग तिला धरून अक्षर. मराठी अशीच लिहितात. इंग्रजीची रेघ खाली असते हे भुरीला कोण सांगणार?

सुकेशनी. इंझोरीच्या अंगणवाडीची सेविका. दुसरं कोण आहे?

दुसरी रेघ

भुरीची आई रत्नमाला सकाळीच येऊन गेली होती. रस्त्यावरच्या नव्या कॉन्व्हेंटात सोमवारी परीक्षा आहे म्हणाली. छोटी एबीसीडी लिहिली तर केजीत घेतील, नाही तर नाही.

"मले दहावीत इंग्रजीनं अडवलं," जाता जाता ती म्हणाली. "पोरीले नोको अडवाले."

सुकेशनीला सांगता आलं असतं की एवढ्याशा बोटांना लिहायला लावू नये, प्रशिक्षणात तसंच शिकवतात. खरं होतं.

सोयीचंही होतं.

कारण जे पोर तिच्याकडे तयार होई, ते जूनमध्ये शाळेच्या पिवळ्या गाडीत बसून निघून जाई. भुरी गेली तर गोष्टीच्या मध्येच 'मंग?' कोण विचारणार?

नाही शिकवलं तर कोणाला कळणारही नव्हतं.

तिने पाटी पुसली. परत रेघ मारली. भुरीने परत टांगली.

तिसरी रेघ, म्हणजे ओटा

मग तिने पोरांना बाहेर नेलं. ओट्याची कड म्हणजे रेघ, तिने सांगितलं. ए मांडी घालून बसतो. बी बसल्या बसल्या एक हात वर करतो, डी दुसरा. जी पाय खाली सोडतो.

पोरं बसली. सगळ्यांनी पाय खाली सोडले. ओट्यावर कोणी मांडी घालून बसतं का?

सगळेच जी.

सुकेशनीने हरीओमचे पाय उचलून वर घेतले, तर तो म्हणाला, "बाई, जेवाले वाढता काय?"

हसून झाल्यावर एकेक जण बसू लागला. कोणी ए, कोणी सी. डीचा हात दुखला, त्याने दुसरा वर केला आणि त्याचा बी झाला. भुरी मात्र जीच राहिली, कोणालाही ती जागा देईना. मधेच तिने वाकून आपल्या पायांकडे पाहिलं. खाली जमीन. वर आपण.

"हे लटकून नाई राह्यले," ती म्हणाली. "बसून राह्यले."

आत जाऊन तिने पाटी घेतली. ए बसला. बी बसला. जीचे पाय खाली आले.

सुकेशनी पाटीकडे बघत राहिली. झालं. आता ही जाणार.

चौथी रेघ, कोणी न सांगितलेली

सोमवारी दुपारी रत्नमाला आली, ती अर्धी हसत, अर्धी घाबरलेली.

परीक्षेचा कागद कोरा होता. भुरीने आपली आपण खाली रेघ मारली, तिच्यावर सगळी अक्षरं नीट बसवली. मग पेन्सिल उचलून त्यांच्या डोक्यावरून दुसरी रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मॅडमनी विचारलं, ही कशाला?

"ऊन लागते त्याईले."

मॅडम हसल्या आणि तिला घेतलं. पण वरच्या रेघेची सवय जूनच्या आत मोडा म्हणाल्या, नाही तर पुढे फार जड जाईल.

"मोडसान नं?" रत्नमालाने विचारलं.

रेघ नाही

दुसऱ्या दिवशी पोरं ओट्यावर अक्षरं होऊन बसली. एप्रिलचं ऊन. नऊ वाजताच फरशी तापलेली. बीने वर केलेला हात डोळ्यांवर घेतला. सीने डोक्यावर पाटी धरली.

सुकेशनी घरी गेली, एक जुनं लुगडं घेऊन आली. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं समोरच्या कडुनिंबाला. ओट्यावर सावली पडली.

ती भुरीशेजारी बसली, पाय खाली सोडून. पाटी भुरीच्या मांडीवर ठेवली.

"आता वर लुगडं हाये," ती म्हणाली. "पाटीवरची रेघ नाई काढली तं चालते."

भुरीने मान वर करून लुगड्याकडे पाहिलं. वाऱ्याने ते फुगत होतं, खाली येत होतं. मग तिने खालची रेघ मारली, ए बसवला, बी बसवला. जीचे पाय सोडले. खडू वरच्या बाजूला नेला.

थांबली.

"हे काढसान तं नाई?"

"जूनपर्यंत नाई," सुकेशनी म्हणाली.

भुरीने खडू खाली ठेवला.