रांजणासाठी एक खोटं

रांजण रुसला की खोटं बोलायचं, अशी आमच्या घराण्याची रीत होती.

रांजण निळीचा, पनवेलच्या टपाल नाक्यामागच्या आमच्या रंगखान्यात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. नीळ नुसत्या पाण्यात विरघळत नाही. गूळ, चुना आणि कोंडा घालून तिला आंबवावं लागतं, आणि आंबणं ही जिवंत वस्तूंची गोष्ट असल्यामुळे तिच्यात लहर असते. लहर चांगली असली की पाणी हिरवट होतं, वर तांबूस साय धरते आणि मधोमध निळा फेस उमलतो. त्या फेसाला आम्ही फूल म्हणतो. फूल आलं नाही तर कापड मळकं निघतं.

मग घरातल्या कुणीतरी एक धादांत थाप गावात सोडायची. ती जितकी दूर जाईल तितका रांजण लवकर हसतो, असं आजोबा सांगत. थाप कोणती, हे रांजण सांभाळणाऱ्याने फूल येईपर्यंत विचारायचं नाही. आणि फूल आलं की गूळ वाटायचा. हातावर गूळ पडला की लोक ओळखत, परवा ऐकलं ते रंगाऱ्यांचं होतं. आजोबांनी वडाळे तळ्यात मगर सोडली होती. आत्याने कर्नाळ्याच्या सुळक्यावर आगगाडीचं इंजिन चढवलं होतं.

गेल्या भाद्रपदात रांजण रुसला तो पंधरा दिवस. माझे वडील, अप्पा, रोज पहाटे काठीने पाणी ढवळत, बोट बुडवून जिभेला लावत आणि झाकण ठेवत. त्यांच्या नखांतली निळाई फिकट होत चालली होती. हे पाणी पणजोबांनी लावलेलं. त्यात भर पडत आली, पण ते कधी पूर्ण उपसलं गेलं नव्हतं. ते मेलं असतं तर त्र्याहत्तराव्या वर्षी अप्पा दुसरं लावणार नव्हते, आणि मला लावता येत नव्हतं.

मी पुन्हा मगरच सोडून पाहिली. दारात सुक्या मासळीची टोपली उतरवून बसलेली हौसा खदखदून हसली. ती करंज्याहून येई आणि पळस्प्यापलीकडच्या वाड्यांपर्यंत फिरे. थापेला तिच्याइतकं चांगलं वाहन आमच्या ओळखीत दुसरं नव्हतं.

“मगर? गो विनिता, माझ्या नातवाच्या मोबाइलात काल माशानं इमान गिळलं. तुझ्या मगरीला कोन इचारतंय?”

तिचं खरं होतं. अशक्य गोष्टींचं आता कुणालाच काही वाटत नव्हतं. पटेल असंच काही सांगायला हवं होतं. बोंबील निवडता निवडता मी म्हणाले, “कुणाला बोलू नकोस हं. अप्पांनी ही जागा बिल्डरला दिली. दसऱ्याच्या आत रांजण फोडणार आहेत.”

हौसाचा हात टोपलीतच थांबला. “फोडनार? आनि म्हातारा जगंल काय गो त्याच्याबिगर?”

तिने एका शब्दाचाही संशय घेतला नाही. पनवेलात असं ऐकून संशय यावा, असे दिवस कधीच सरले होते.

चौथ्या दिवशी फूल आलं. इतकं भरघोस की अप्पा लहान मुलासारखे ओरडले. मी आळीत घरोघर गूळ वाटला. त्यानंतर हौसा महिनाभर फिरकली नाही. गुडघा धरला, असं नंतर कळलं. तिचा वाटा मी कागदात बांधून फळीवर ठेवला, आणि विसरले.

अप्पांनी पहिलं लुगडं बुडवलं. पाण्यातून हिरवं निघालेलं कापड वाऱ्यावर पाहता पाहता निळं झालं. ते बुधीचं होतं. बुधी कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीतली ठाकरीण. कधी तिच्या नावावर न झालेल्या एका उतारावर ती आमच्यासाठी निळीची झुडपं राखत असे. तिच्या आधी तिची सासू राखत असे. दसऱ्याच्या सुमारास ती पाल्याचे भारे घेऊन येई. तो कुजवून, घुसळून अप्पा वड्या पाडत आणि वर्षभर रांजणाला भरवत. वर्षातलं पहिलं लुगडं मात्र तिचं.

दसरा गेला. दिवाळी गेली. लुगडं पिशवीत घालून मी वाडीत गेले. तिचं दार दोरीने बांधलेलं होतं. पळस्प्याच्या पुढच्या वीटभट्टीवर ती मला सापडली. कोपरापर्यंत लाल चिखलात.

“आलीस? बस. बसाया ईटच हाय.”

“बुधीमावशी, यंदा पाला नाही आणलास?”

“कुनासाठी? हौसा सांगून गेली ना, रांजन फोडनार म्हनून.”

“खोटं होतं गं ते. रांजणासाठीचं.”

ती हसायला लागली. “अगं माझे बाय! मगर मेली काय तुमची?” हसणं ओसरल्यावर तिने विचारलं, “मंग? आला काय फूल?”

“आलं.”

“मंग झालं तर.”

 पुढचं तिनेच सांगितलं. “झाडं उपटली. माझ्या पोरानं, गोरखनं, थितं काकडी लावली. सासूचं बियानं व्हतं गाडग्यात, त्ये चुलीत घातलं. घेनारा नाय तर राखायचं कशाला?”

“आम्ही गूळ वाटला होता, मावशी.”

“वाडीत नाय आला गूळ.” ती साचा ठोकू लागली. “झाडं उपटायच्या आदी धा दिस वाट पायली. म्हटलं, रंगारीदादा सोता येल सांगाया. पाल्याचं जाऊ दे. हौसाच्या तोंडून कळावं, येवडी लांबची का गो मी?”

मी पिशवीतून लुगडं काढलं. तिने हात पदराला पुसले, मनगटाच्या मागच्या बाजूने कापड चाचपलं, वास घेतला. “चांगला चढलाय,” म्हणाली, आणि घडी मोडू न देता परत माझ्या हातात ठेवलं.

“पाला दिल्याबिगर लुगडं? भीक घालतीस व्हय मला?”

घरी अप्पा रांजणाच्या काठावर बसले होते. परत आलेल्या लुगड्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. आता विचारायला रीतीची आडकाठी नव्हती. “काय सांगितलं होतंस?”

मी सांगितलं.

“गूळ कुठवर वाटलास?”

“आळीत.”

“आणि ते कुठवर गेलं?”

मी फळीवरची हौसाची पुडी दाखवली. नीळ दक्षिणेतून मागवता येते, पार्सल चार दिवसांत दारात येतं, हे मला ठाऊक होतं आणि पुढे तसंच झालं. रांजणाने तीही घेतली, रंगही दिला. पण त्या संध्याकाळी हे त्यांना सांगावं, असं मला वाटलं नाही.

सकाळी मी उठले तेव्हा फळीवरची हौसाची पुडी जागेवर नव्हती आणि गुळाचा डबा रिकामा होता. अप्पा दुपारी परतले. धोतराच्या काठाला लाल माती लागलेली.

“घेतला?”

“घेतला. भट्टीवरच्या सगळ्या बायकांना वाटला तिने.”

“काय म्हणाली?”

अप्पांनी झाकण सरकवलं, काठी उचलली आणि फुलाला धक्का न लावता कडेकडेने पाणी ढवळू लागले.

“गोड आहे, म्हणाली.”