पालकांना दिसणारा रकाना

“हलू नको गं महादे, माती पडती. मी गाती, तू ऐक.”

हा आवाज कानाशी आला की महादेवीचा हात थांबतो. आत्ताही थांबला. स्क्रीनवरचा ‘पालकांचा मोबाइल नंबर’ हा रकाना तिनं माउसनं उचलून धरला होता, तो तसाच अधांतरी राहिला. आवाजामागून ओवी आली, तीही नेहमीसारखीच:

नदीच्या ग थडी, फुलली ग करडी,
लेक माझी…

आणि तिथंच तुटली. इतक्या वर्षांत ती ओवी एका शब्दानंही पुढं सरकली नव्हती.

“मॅडम, काय झालं? हँग झालं का?” शेषेराव सरांनी विचारलं.

“न्हाई सर, चालू आहे.” तिनं रकाना सोडला. तो फॉर्मच्या सगळ्यात वर जाऊन बसला.

शेषेराव सर लातूरच्या ट्यूशन एरियातल्या एका मोठ्या क्लासचे व्यवस्थापक. महादेवी त्यांच्याकडं सॉफ्टवेअर बसवायला आली होती. तिचं काम सांगायला सोपं, करायला किचकट. कंपनीचं सॉफ्टवेअर पुण्याहून एकाच मापाचं शिवून येई. ती ते उसवून इथल्या माणसांच्या अंगाला बसेल असं पुन्हा शिवून देई. एका पोराचा एकच फॉर्म, पण बघणाऱ्यागणिक त्याचं रूप वेगळं. काउंटरवरच्या मुलींना मोबाइल नंबर सगळ्यात आधी हवा, कारण जूनमध्ये रांग जिन्याखाली रस्त्यापर्यंत जाते. शिकवणाऱ्यांना फक्त मार्क हवेत. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना औषधं, पथ्य आणि भेटायला येणारा कोण मामा खरा, कोण खोटा, हे हवं. पालकांना हजेरी आणि मार्क, त्यांनी दिलेल्या मोबाइल नंबरवर. गट निवडायचा आणि प्रत्येक रकान्यापुढं खूण करायची: दिसेल, दिसणार नाही.

सरांनी खुर्ची जवळ ओढली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी आवाज खाली आणला.

“अजून एक रकाना टाका. ‘घरची बातमी’. मला दिसला पाहिजे, रेक्टरबाईंना दिसला पाहिजे. लेकरांना न्हाई.”

“कसली बातमी?”

“दर साली होतंय मॅडम. परीक्षा तोंडावर येती आन् कुणाची आज्जी जाती, कुणाच्या काकाचं काही होतं. घरचे फोन करतेत, सर, पेपर होस्तोवर लेकराला सांगू नका. काउंटरवरची पोरगी चिठ्ठीवर लिहिती, चिठ्ठी पंख्यानं उडती. गेल्या साली मेसवाल्यानं वरण वाढता वाढता पोरालाच विचारलं, तुझी आज्जी गेली म्हणं, मग तू हितं कसा?” सर हसायला गेले, ते अर्ध्यातच राहिलं. “पोरगं ताटावरून उठलं ते उठलंच.”

“आणि पालकांना दिसू द्यायचा?”

“दिसू द्या की. आपण सांगितलेलं नोंदलंय, लेकरापासून लपवलंय, हे डोळ्यानं बघितलं की त्यांचा जीव निवांत होतो. न्हाईतर दिवसभर फोन.”

महादेवीनं रकाना केला. व्यवस्थापक, दिसेल. रेक्टर, दिसेल. पालक, दिसेल. विद्यार्थी… तिथली खूण तिनं काढून टाकली, आणि उठून उगाच पाणी प्यायली. परत येऊन बसली. पुन्हा उठली.

न सांगण्याचं काम तिला परकं नव्हतं. तेरणेकाठचं तिचं गाव गणपती बोळवून झोपलं आणि उजाडायच्या आत मातीखाली गेलं, तेव्हा ती पहिलीत होती. बाप तिला आठवतच नव्हता. घरात ती आणि आई दोघीच. मातीचं माळवद दोघींवर कोसळलं, त्यातून ती तेवढी बाहेर आली. लोकांनी तिला लातूरला शिवगंगा मावशीच्या ओट्यात आणून टाकलं. मावशी तिच्या केसांतली माती धूत होती. धुता धुता म्हणाली, “अक्का सोलापूरच्या दवाखान्यात हाय. हाडं जुळली की येती तुझी आई.”

“डबा कोण देतंय तिला?” महादेवीनं विचारलं होतं.

मावशीचा हात ओल्या केसांत थांबला. मग पुन्हा पाणी पडू लागलं. “हाय की एक नर्सबाई. लई चांगली हाय.”

त्या दिवाळीला मावशीनं दोन साड्या घेतल्या, एक स्वतःला, एक अक्काला. पुढच्या दिवाळीलाही घेतल्या. अक्काच्या साड्या ट्रंकेत राहिल्या. मग कुठल्याशा वर्षी मावशी त्या एकेक करून नेसू लागली. महादेवीनं विचारलं नाही, मावशीनं सांगितलं नाही. भिंतीवरच्या अक्काच्या फोटोला अजून हार नव्हता. हार घालायचा तर कुणीतरी तो पहिल्यांदा घालायला हवा होता, आणि घालताना काहीतरी बोलावं लागलं असतं.

घरी आल्यावरही तिचं बूड टेकेना. गच्चीवर मावशी कुरडया घालत होती. महादेवी या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत फिरत राहिली.

“बस की गं एका जागी. पायाला भिंगरी लागलीया का? त्या कंप्युटरनं पार येडं करून सोडलंय तुला.”

“मावशी, एक विचारू?”

“विचार की.”

शब्द अगदी दातांपर्यंत आले. करडीच्या ओवीत पुढं काय गं? एवढंच विचारायचं होतं. पण मग मावशी म्हणाली असती, ही तुला कुठली ठाऊक? आणि त्या एका प्रश्नासरशी सगळं माळवद पुन्हा खाली आलं असतं.

“चीक जास्त आंबलाय का?” महादेवी म्हणाली.

“हे विचारायला एवढं तोंड वासलंस व्हय?” मावशीनं सोऱ्या फिरवला.

पुढच्या आठवड्यात ती मुलींच्या वसतिगृहात गेली. रेक्टर प्रेमलाबाईंना त्यांचा फॉर्म समजावून द्यायचा होता. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनजवळ नाक नेलं.

“अक्षरं वाढवा हो जरा. मी काय गरुड आहे का?”

महादेवीनं अक्षरं वाढवली, तसा तळाचा रकानाही मोठा झाला. ‘घरची बातमी’ खाली एका मुलीच्या नावापुढं मजकूर होता. *वडील वारले. परीक्षा झाल्यावर सांगावे.*

“ऋतुजा,” प्रेमलाबाई हळूच म्हणाल्या. “भोकरकडची आहे. मामाचा फोन आला होता. बाप रानात बसल्या जागी गेला. ही पोरगी रोज उठते, वेणी घालते, वर्गात जाते. मला बघून हसते. मीही हसते. हसून हसून जबडा दुखायला लागलाय माझा.” त्यांनी चष्मा खाली ओढला. “पाच दिवस राहिलेत. निभवलं की सुटले.”

महादेवी बाहेर पडली तेव्हा जिन्याखाली पाण्याच्या फिल्टरजवळ एक मुलगी बाटली भरत होती. करंगळीएवढी धार, लातूरच्या उन्हाळ्यातली. मुलीनं मान वर केली.

“मॅडम, पालकांचा फॉर्म तुम्हीच बनिवलाव का?”

“हो. का गं?”

“त्यातला खालचा रकाना काढून टाका.”

महादेवीच्या खांद्यावरची बॅग कोपरापर्यंत घसरली. ही ऋतुजा, हे तिला न विचारता कळलं. “तुला कसा दिसला तो? तो तर फक्त पालकांना…”

ऋतुजानं हातातला फोन पुढं धरला. जुना, काच तडकलेली, मागं माहूरच्या रेणुकेचा अर्धवट निघालेला स्टिकर.

“अप्पांचा फोन हाय ह्यो. हितं येताना मला दिला त्यांनी. घरी आईकडं साधा हाय. ॲडमिशनला पालकांचा नंबर विचारला, तवा अप्पांनी हाच सांगितला. सगळ्यांचं असंच हाय मॅडम. आमच्या रूमवर चौघी हाव. चौघींचे पालक आम्हीच.”

मोबाइल नंबरचा रकाना सगळ्यात वर नेऊन बसवला होता महादेवीनं. तो फोन कुणाच्या हातात आहे, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. जिन्याच्या पायरीवर ती टेकली.

“कधी वाचलंस?”

“नोंद झाली त्याच दिवशी. मार्क बघायला उघडलं होतं.”

“रडलीस?”

“कुठं रडू? बाथरूमला लाइन असती.” तिनं हे इतक्या सरळ सांगितलं, की महादेवीला तिच्याकडं बघवेना. “मामा रोज फोन करतो. म्हणतो, अप्पा रानात गेलेत, मोटार जळलीया, यायला उशीर हाय. लई चांगलं खोटं बोलून राहिलाय. मागं आई भांडी घासती, तेवढं ऐकू येतं. मी म्हणते, बरं, अप्पांना म्हणावं जेवून घ्या.”

बाटली भरत आली होती. दोघींपैकी कुणी नळाकडं बघत नव्हतं.

“अप्पांच्या मातीला, शेवटचं तोंड बघायला मी नव्हते, मॅडम. आता पेपर झाला की मला घरी नेतील, समोर बसवतील आन् सांगतील. तवा मला पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करावं लागंल. न्हाई केलं तर आईला वाटंल, पोरगी एवढे दिस एकटीच… म्हणून विचारते. जमंल का तसं?”

महादेवीनं काहीतरी मोठ्या माणसासारखं बोलायला तोंड उघडलं. निघालं ते वेगळंच.

“जमतं. मला जमलं.”

“तुम्हाला?”

“माझी आई भूकंपात गेली. मला सांगितलं, ती दवाखान्यात आहे. मी तर मातीखाली तिच्या शेजारीच होते. ती गेली तेव्हाच मला कळलं. तरी मी मावशीला विचारत राहिले, तिला डबा कोण देतंय. असं विचारलं की मावशीच्या जिवाला जरा बरं वाटायचं.”

“मग तुम्हाला खरं कधी सांगितलं त्यांनी?”

“अजून न्हाई.”

“आन् तुम्ही?”

बाटली भरून वाहू लागली. महादेवीनं हात लांब करून नळ बंद केला.

“न्हाई.”

ऋतुजा तिच्याकडं बघत राहिली. रीत बरोबर आणि उत्तर चुकलेलं, अशा गणिताकडं बघावं तशी.

“मग जमलं कुठं, मॅडम?”

तिनं बाटलीचं झाकण लावलं. ओढणीनं फोनची काच पुसली, एकदा, पुन्हा एकदा. मग जिना चढू लागली. वळणावर थांबून म्हणाली, “आज मामाच्या आधी मीच फोन लावते.”

महादेवीनं पायरीवरच लॅपटॉप उघडला. पालकांचा गट निवडला, घरच्या बातमीपुढची खूण काढून टाकली. एवढंच काम, पण बोट बराच वेळ तिथंच राहिलं. वरच्या मजल्यावरून ऋतुजाचा आवाज आला.

“आई, मामाला देऊ नको. तूच बोल.”

मग, “आई, भांडी ठेव खाली.”

पुढचं ऐकायला महादेवी थांबली नाही. रिक्षा केली, चौकात रस्ता तुंबला, तशी मधेच उतरून चालत सुटली. क्लास सुटलेल्या पोरांचे लोंढे अंगावर येत होते. प्रत्येकाच्या पाठीवर दप्तर, प्रत्येकाच्या मुठीत फोन. कुणाकुणाचे कोण जाणे.

मावशी गच्चीवर जुन्या धोतरावर वाळलेल्या कुरडया गोळा करत होती. ऊन कलतं झालं होतं. अंगावर ट्रंकेतली एक साडी, धुऊन धुऊन मूळ रंग विसरलेली. महादेवी तिच्यासमोर धोतराच्या पलीकडं बसली, आणि तीही कुरडया उचलू लागली.

“आज लवकर आलीस.”

“मावशी, आई दवाखान्यात नव्हती.”

मावशीचे हात चालूच राहिले. एक कुरडई डब्यात गेली, दुसरी गेली.

“मला तवाच ठाऊक होतं,” महादेवी म्हणाली. “तू माझे केस धूत होतीस, तवासुद्धा. मी हलू नये म्हणून ती मातीतून गात होती. गाता गाता थांबली.”

तिसरी कुरडई मावशीच्या मुठीत मोडली. बारीक चुरा धोतरावर पडला. तिनं तो बोटांनी एका जागी गोळा केला, वर बघितलं नाही.

“आन् मला डबा विचारायचीस,” ती म्हणाली.

“तुझं तोंड बघवायचं न्हाई गं.”

खालच्या गल्लीत पाण्याचा टँकर येऊन थांबला. बायकांची घागरी घेऊन पळापळ झाली, कुणीतरी कुणाला शिवी हासडली. मावशीनं खाली जायची घाई केली नाही. तिनं विचारलं, “काय गात होती?”

महादेवीनं आयुष्यात पहिल्यांदा ते शब्द तोंडाबाहेर काढले. चाल नीट लागली नाही.

“नदीच्या ग थडी, फुलली ग करडी, लेक माझी…” ती थांबली. “पुढचं मला ठाऊक न्हाई. तिथवरच आली होती.”

मावशीनं पदर तोंडाला लावला, अक्काच्या साडीचा. मग तो बाजूला केला. ती गायली नाही. नुसतं सांगितलं, राहिलेलं काम कुणाच्या तरी हाती द्यावं तसं.

“परडी,” ती म्हणाली. “लेक माझी परडी, फुलांची.”