काकांचा देश

"यापूर्वी या देशात गेला होतात का?" प्रवासी कंपनीतल्या मुलीने फॉर्मवरून नजर न उचलता विचारलं.

"नाही," काका म्हणाले. वर्गात पहिला येणारा मुलगा 'अभ्यास काहीच झाला नाही' म्हणतो, त्या थाटात.

मुलीने दोन्ही फॉर्मवर एका झटक्यात फुली मारायला पेन टेकवलं, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून काकू म्हणाल्या, "माझ्या फॉर्मवर हो लिही. एकदा. बेचाळीस दिवस."

पेन थांबलं. काका हसले. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोने केलेले विनोद एका हाताच्या बोटांवर मोजता आले असते. त्यातला एक आज, परक्या मुलीसमोर निघावा याचं त्यांना कौतुकच वाटलं. पण काकूंनी पर्स उघडली, रुमालात गुंडाळलेला एक जुना, कोपरे झिजलेला पासपोर्ट काढला आणि टेबलावर ठेवला.

"खोटं लिहिलं तर व्हिसा नाकारतात, असं खाली बारीक अक्षरात आहे," त्या म्हणाल्या. "मी वाचलंय."

मुलीने पानं उलटली. मधल्या एका पानावर निळा शिक्का होता, त्यात डोंगराची तीन टोकं. तो शिक्का काकांनी मासिकांत आणि दुसऱ्यांच्या पासपोर्टांवर इतक्यांदा पाहिला होता, की झोपेतून उठवलं तरी काढून दाखवला असता. तो शिक्का आणि तिशीतल्या बायकोचा फोटो एकाच पुस्तिकेत असू शकतात, हे मात्र त्यांच्या डोक्यात शिरेना. त्यांनी पुस्तिका हातात घेतली, मिटली, पुन्हा उघडली. शिक्का तिथेच होता.

त्यांचं असं का झालं हे कळायला त्यांचा थोडा पूर्वेतिहास माहीत हवा. काका मोजणी खात्यात नकाशे काढायचे. नोकरी सपाट जमिनीची, जीव डोंगरावर. ते ज्या इमारतीत राहत तिथे त्या डोंगराळ देशाला त्याच्या खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे 'काकांचा देश' म्हणत. भिंतीभर चित्रं रंगवलेली तिथली गावं, लाकडी मुखवटे कोरणारी घराणी, आणि ती खिंड, जिथे उभं राहिलं की नऊ शिखरं एकदम दिसतात. हे सगळं काकांकडून ऐकलं नाही असा भाडेकरू त्या इमारतीत टिकला नव्हता. तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं तिथे जाऊन आलं आणि हौसेने फोटो दाखवायला बसलं, तर अर्ध्या तासात काकाच त्यांना त्यांचे फोटो समजावून सांगू लागले. नंतर जिन्यात त्यातला नवरा बायकोला म्हणाला, "आपण उगाच गेलो. यांच्याकडे दोन दिवस राहिलो असतो तरी भागलं असतं."

स्वतः काका कधी गेले नव्हते. एकतीस वर्षांपूर्वी निघाले होते. ऑफिसातले तिघे मित्र बरोबर, बॅग भरलेली, आणि आदल्या दिवशी त्यांची आई न्हाणीघरात घसरून पडली. खुबा मोडला. मित्र गेले, काका आईच्या उशाशी बसले. त्यांनी एका शब्दाने कधी तक्रार केली नाही. पण तक्रार न करण्याची त्यांची एक पद्धत होती, आणि ती घरात सगळ्यांना ऐकू जायची.

आता काका-काकू दोघंही निवृत्त झाले होते. काकांनी बारा दिवसांचा बेत एका वहीत आखला होता. दर पानावर ठिकाण, उंची, आणि पुढे त्यांच्या सुबक अक्षरात एकच शेरा: 'हिला दाखवणे.'

"काका," मुलगी हळूच म्हणाली, "रकान्यात हो लिहिलं की झालं. त्यात अडचण काही नाही. फक्त आज सहापर्यंत फॉर्म पुढे गेले पाहिजेत. या मोसमातली ही शेवटचीच संधी आहे, यानंतर खिंड बर्फाने बंद होते ती थेट पुढच्या वर्षी उघडते."

काकांनी पासपोर्ट टेबलावर ठेवला आणि बाहेर गेले. काकूंनी मुलीकडे पाहिलं. "येतो आम्ही," त्या म्हणाल्या. "निदान मी तरी येते."

रस्त्यापलीकडे बसथांब्याचा बाक होता. काका त्याच्या एका टोकाला बसले, काकू दुसऱ्या. मधे आणखी तीन माणसं मावली असती, पण त्या दोघांचे चेहरे पाहून कोणी बसायला धजलं नाही.

"कोणतं साल?" काकांनी विचारलं.

"सासूबाई पडल्या तेच. तीन महिन्यांनी."

"तेव्हा तू प्रशिक्षणाला गेली होतीस. सहा आठवडे."

"प्रशिक्षण म्हणून सांगितलं होतं."

काकू संग्रहालयात जुनी वस्त्रं दुरुस्त करायच्या. फाटलेल्या पैठणीपासून कसर लागलेल्या गालिच्यापर्यंत काहीही त्यांच्या हाताखाली गेलं की टाका शोधून सापडत नसे. काकांच्या देशातल्या एका जुन्या राजवाड्यात भिंतीएवढा विणलेला पडदा होता, त्याला कसर लागली. तो सांधायला ठिकठिकाणांहून सहा जणी बोलावल्या, त्यात संग्रहालयाने काकूंचं नाव धाडलं. हे सगळं त्यांनी बाकाच्या टोकावरून, समोरच्या दुकानाची पाटी वाचावी तसं सांगितलं.

"पण तुझी पत्रं येत होती," काका म्हणाले. "दर आठवड्याला. प्रशिक्षणाच्या गावाहून. शिक्का होता पोस्टाचा."

"माझ्या जागी जी खरंच प्रशिक्षणाला गेली, तिच्याकडे सहा पत्रं आधीच लिहून दिली होती. ती सोमवारी एकेक टाकायची."

ती सहा पत्रं त्यांनी जपून ठेवली होती. बायकोने त्यांना उभ्या जन्मात लिहिलेली तेवढीच पत्रं. चौथ्या आठवड्यात त्यांनी उलट टपाली तीन प्रश्न विचारले होते आणि पाचव्या पत्रात एकाचंही उत्तर नव्हतं. ते त्यांनी बायकांच्या स्वभावाच्या खाती टाकलं होतं.

त्यांनी मोबाइल काढला आणि थोरल्या बहिणीला लावला. आईच्या आजारपणात तीच येऊन राहिली होती.

"ताई, एकतीस वर्षांपूर्वी ही कुठे गेली होती?"

ताई म्हणाली, "कळलं का शेवटी?"

"तुला ठाऊक होतं?"

"विमानतळावर सोडायला मीच गेले होते रे. तुला सांगितलं होतं ना, दाढ काढायला जाते म्हणून."

"आणि मी सगळ्यांना त्या देशाच्या गोष्टी सांगत होतो तेव्हा तू समोर बसून ऐकत होतीस?"

"ऐकायला काय जातंय? छान सांगतोस तू," ताई म्हणाली. "हे बघ, तिच्यावर चिडू नकोस. ती जायला तयारच नव्हती. मीच म्हटलं, घरात एकाचं राहिलं म्हणून दुसऱ्याचंही का राहावं? आता फोन ठेव, गॅसवर दूध आहे."

फोन बंद झाला. काका त्याच्याकडे बघत राहिले. दाढ. तेव्हा त्यांनी ताईसाठी संध्याकाळी मऊ भात करून ठेवला होता, आणि तिने तो गाल धरून खाल्ला होता.

"मला सांगता आलं असतं," ते म्हणाले.

"कसं सांगणार? तुम्ही आईंच्या उशाशी बसून तिथल्या रस्त्यांचे नकाशे काढत होता. त्या माणसाला जाऊन सांगायचं, की तुमचं राहिलं, आता मी जाते?" काकूंनी पर्सचा बंद नीट केला. "आल्यावर सांगू म्हटलं. आले, तर तुम्ही जिन्यात कोणाला तरी सांगत होता, तिथली दारं बुटकी का असतात ते."

"पाहुण्याने घरात नम्रतेने वाकून शिरावं म्हणून."

काकू गप्प राहिल्या. तीस वर्षं ज्या गप्प राहण्याची त्यांना सवय होती, तेच हे गप्प राहणं आहे हे काकांना आत्ता, या बाकावर, पहिल्यांदा दिसलं.

"म्हणून नाही?" त्यांनी विचारलं.

"वाऱ्यामुळे. दार मोठं ठेवलं तर चूल विझते."

"आणि मुखवट्यांचे डोळे मिटलेले, ते ध्यान म्हणून..."

"ते घालून नाचणाऱ्याला फटीतून खाली पायरी दिसावी म्हणून."

काका मोजू लागले. किती जणांना सांगितलं असेल? शाळेच्या स्नेहसंमेलनात सांगितलं. ऑफिसच्या मासिकात लेख लिहिला, त्यात सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या जोडप्याला, जे स्वतः डोकं आपटून आलं होतं, त्यांनाही सांगितलं.

"एका शब्दाने टोकायचंस तरी."

"कशाच्या जोरावर टोकणार? मी कुठे गेले होते?"

एक बस आली, थांबली, गेली. समोर प्रवासी कंपनीच्या काचेआड ती मुलगी अधूनमधून मान वर करून बाकाकडे पाहत होती.

"रद्द करू," काका म्हणाले. "मी तुला काय दाखवणार? वहीत बारा पानं लिहून बसलोय. तू मनात हसत माझ्या मागून चालणार."

"मी नाही येत. तुम्ही एकटे जा," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. महिनाभर घोकलेलं वाक्य असावं. "तुमची हौस आहे, तुमचा देश आहे. माझं एकदा झालंय. तुम्ही जाऊन या, मग फिटंफाट. पण रद्द करू नका. आता रद्द केलंत तर पुन्हा तीस वर्षं ऐकायची ताकद माझ्यात नाही."

हे ऐकून काका आणखी हबकले. बायको आपलं ऐकून दमली आहे ही शक्यता त्यांच्या कोणत्याच नकाशात नव्हती. पण एकटं जायचं म्हणजे काय, हे त्यांनी मनात आणून बघितलं. खिंडीत नऊ शिखरं समोर, आणि 'ते बघ' म्हणायला शेजारी कोणी नाही. एकतीस वर्षं त्यांनी त्या खिंडीत स्वतःला उभं केलं होतं. तिथे ते नेहमी कोणाला तरी बोट करून दाखवतच उभे असत.

"काय काय पाहिलंस?" त्यांनी शेवटी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण भुकेल्याने शेजारच्या पानाकडे बघू नये म्हटलं तर तो किती वेळ बघणार नाही?

"पडदा पाहिला." आणि आता कुठे काकू बाकावर जरा सरकल्या. "त्यात एक घोडा होता, त्याचा पुढचा पाय कसरीने खाल्लेला. पाय कोणत्या रंगाचा होता ते कोणालाच नक्की सांगता येईना. मग गावातली म्हातारी माणसं रोज येऊन बसायची. एक आजोबा म्हणायचे तांबडा, दुसरे म्हणायचे करडा. लहानपणापासून दोघांनी तो घोडा पाहिलेला. त्या पायावरून दोघांची अकरा दिवस भांडणं चालली. एक दिवस तांबडावाले आजोबा आले नाहीत, तर करडावाले स्वतः त्यांना पाठुंगळीला घेऊन आले. म्हणाले, हा नसला तर मी भांडू कोणाशी? सगळा गाव असा. पडद्यावरच्या घोड्याची चौकशी घरच्या जनावरासारखी. आज उभा राहिला का, विचारायचे."

"मग? रंग?"

"आत एक जुना धागा सापडला. तांबडाही नव्हता, करडाही नव्हता. दोघं आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत."

काका ऐकतच राहिले. त्यांच्या बारा पानांत असला एकही माणूस नव्हता. सगळी उंचीच उंची होती.

"आणि खिंड?" त्यांनी विचारलं. आवाज नको तितका हळू निघाला. "खिंडीतून कसं दिसलं?"

"खिंडीत नाही गेले."

"ढग होते?"

"ढग कशाला? लख्ख होतं. बाकीच्या पाच जणी सुटीच्या दिवशी गेल्या. मी नाही गेले."

"राजवाड्यापासून खिंड दीड तासावर आहे," काका म्हणाले. "बेचाळीस दिवसांत सहा सुट्या येतात."

"सहाच आल्या. मी खोलीत बसून मोजे विणले." काकू समोरच्या दुकानाच्या पाटीकडे बघत होत्या. "ती जागा तुमची होती. ती तेवढी सोडली."

काका उभे राहिले. तासभर धक्क्यामागून धक्के बसले होते. पण आतापर्यंतचे सगळे पचले असते, हा पचेना.

"वेडी आहेस का तू?" ते ओरडले. बसथांब्यावरचे दोघेतिघे वळून पाहू लागले. "नऊ शिखरं! दीड तासावर! आणि तू मोजे विणत बसलीस? कोणासाठी?"

"तुमच्यासाठीच. ते निळे. घट्ट झाले म्हणून तुम्ही कधी घातले नाहीत."

"मी गेलो नाही ते आईमुळे. माझा इलाज नव्हता. पण तू तिथे होतीस, चांगल्या दोन पायांवर. जगभरची माणसं जिथे जायला मरतात तिथे सहा सुट्या वाया घालवल्यास? लोकांना कळलं तर तोंड दाखवायला जागा राहील का? ऊठ."

"कशाला?"

"सहा वाजायला किती कमी आहेत बघ. ऊठ म्हणतो ना."

रस्ता ओलांडताना त्यांनी काकूंचा दंड धरला होता. गर्दीत बायकोचा हात धरायचा काकांचा स्वभाव नव्हता. हरवू नये म्हणून कमी आणि सुटून जाऊ नये म्हणून जास्त, असा तो धरलेला होता. काकू मागोमाग चालल्या. पायऱ्या चढताना एवढंच म्हणाल्या, "दुखतंय. जरा सैल धरा."

मुलीने दोन्ही फॉर्म वेगळे काढूनच ठेवले होते. काकांनी काकूंच्या फॉर्मवरच्या रकान्यात स्वतः 'हो' लिहिलं आणि त्यापुढे वर्ष, दिवस, कारण, सगळं सुबक अक्षरात भरलं. मग खिशातून वही काढली, शेवटची दोन पानं फाडली आणि मुलीला म्हणाले, "शहरातले हे दोन दिवस काढून टाका. ते खिंडीत घाला. एक नाही, तीन दिवस तिथे राहायचंय आम्हाला."

"काका, तीन दिवस जड जातील," मुलगी म्हणाली. "एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. पहिल्याच दिवशी लोकांचं डोकं धरतं."

काकांनी घसा साफ केला. विरळ हवेवर त्यांचं वीस मिनिटांचं भाषण तयार असायचं, हजार फुटांमागे किती फरक पडतो इथपासून. त्यांनी तोंड उघडलं, आणि मग मान वळवून बायकोकडे पाहिलं. तिला विचारायची वेळ त्यांच्यावर तीस वर्षांत पहिल्यांदाच आली होती, त्यामुळे शब्द जुळवायला जरा वेळ गेला.

"खरंच एवढी विरळ असते का गं?"

"मला काय विचारता?" काकू दंड चोळत म्हणाल्या. "मी खालीच होते."