धाकटी जेवत नाही

लग्न होऊन येताना आमच्या सूनबाईंनी कपड्यांच्या दोन बॅगा आणल्या आणि तीन न्यूट आणले. मी आधी पाली समजून किंचाळले. "आई, पाली नाहीत, बेडकाच्या नात्यातले आहेत," ती म्हणाली. जणू त्याने मला बरं वाटणार होतं. वरून काळे, पोटाला केशरी, बोटभर लांब, आणि चाल अशी की सरकारी कचेरीतला कारकून चपळ वाटावा. एक थोरला, एक मधली, एक धाकटी. पाण्यातच राहायचे, आणि दिवसातला बराच वेळ नुसते विचारात पडलेले असायचे.

त्यांची टाकी सामान हलवताना तडकली. नवी टाकी काचवाला करून देणार होता, पण त्याचा 'उद्या' काही उजाडत नव्हता. तोवर न्यूट कुठे ठेवायचे? तर आमच्या ह्यांच्या माशांच्या टाकीत. मासेही गार पाण्यातले, न्यूटही गार पाण्यातले, थोडे दिवस निभेल असं सासऱ्या-सुनेने ठरवलं. माझ्याकडे फक्त फ्रीज मागितला, गोठवलेल्या लाल अळ्या ठेवायला. त्या आता माझ्या वाटाण्यांच्या शेजारी असतात.

खरं तर सूनबाई मनातून राजी नव्हती. न्यूटांच्या कातडीत विष असतं, माशांनी तोंड लावलं तर त्यांचं काही खरं नाही, आणि मासे न्यूटांच्या शेपट्या कुरतडतात ते वेगळंच, असं तिचं म्हणणं. ह्यांनी छाती फुगवली. "माझे मासे वळणाचे आहेत. कुणाच्या वाटेला जात नाहीत."

वळणाचे मासे न्यूटांच्या वाटेला गेले नाहीत हे खरं. ते फक्त त्यांचं जेवण जेवायचे. अळी पाण्यात पडायचा अवकाश, चंदेरी टोळकं यायचं आणि फडशा पाडून जायचं. न्यूट मान वळवेपर्यंत पंगत उठलेली. थोरला आणि मधली तळाशी राहिलंसाहिलं हुडकून तग धरून होते, पण धाकटीची कंबरेची हाडं वर आली. वेगळ्या वाडग्यात काढून भरवायचं म्हटलं, तर ती कडेकडेने सैरावैरा पळायची. खाणं राहायचं बाजूलाच.

आता ह्यांच्याबद्दल सांगते. आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद केलं तेव्हा सगळ्यांना सांगितलं, नजर कमी झाली. नजर ठणठणीत आहे. समोरच्या इमारतीत कुणाच्या गॅलरीत कुणाचा टॉवेल वाळतोय ते इथे बसून सांगतात. गेला होता तो उजव्या हाताचा भरवसा. हात थरथरायचा. दुकान बंद झाल्यापासून तो खिशातच असायचा, आणि माशांना खाणं, दाराची कडी, वर्तमानपत्राची पानं, सगळा कारभार डाव्या हाताकडे. मी चहाचा कप अर्धाच भरायला लागले, तर म्हणाले, कंजूष झालीस. म्हटलं, झाले.

घरात हा विषय कुणी काढत नव्हतं. मुलगा काढत नव्हता, सूनबाई तर नवीन. आणि मी? चपला कुठे काढतात इथपासून घोरतात किती इथपर्यंत मी ह्यांना सगळ्यावरून बोलते, पण ह्या एका गोष्टीवर माझी जीभ रेटत नव्हती. "निदान डोळे तरी दाखवून या," मी म्हणायचे. "बघू," हे म्हणायचे. डॉक्टर डोळे सोडून हात बघेल आणि त्याला काहीतरी नाव देईल, याचा त्यांनी धसका घेतला होता. मी नाव न कळताच घाबरले होते. लपवालपवीत उशीर होतोय, हे मला समोर दिसत होतं.

त्या रविवारी मुलगा बेकरीत कामावर होता. सूनबाईने ह्यांचा घड्याळाचा बारीक चिमटा मागून घेतला आणि त्यात अळी धरून धाकटीच्या तोंडापुढे नेली. सूनबाई दुकानांच्या पाट्या रंगवते. पट्टी न लावता सरळ रेघ ओढते. तिच्या हातातला चिमटा भिंतीत ठोकल्यासारखा स्थिर होता. धाकटी अळीकडे बघत राहिली, म्हणजे अळीच्या दिशेने बघत राहिली. तेवढ्यात मागून एक मासा आला आणि अळी घेऊन पसार झाला.

"चोर मेला!" मी म्हणाले.

"भूक लागली असेल गं त्याला," हे खुर्चीतून म्हणाले.

"आत्ताच तीन जणांचं जेवलाय तो. पोट बघा त्याचं."

"अळी हलायला हवी," सूनबाई म्हणाली. "जे हलत नाही ते न्यूटांना खाणं वाटतच नाही. वासाने शोधतात, पण तोवर मासे कुठले थांबायला!"

"मग हलव की."

तिने हलवली. भिंतीला रंग देतात तशी. धाकटी भेदरून दगडामागे गेली.

"एवढी नाही चालत," ती म्हणाली. "बारीक हलायला हवी. सारखी, जिवंत असल्यासारखी. मला नाही येत तसं." तिने चिमटा बाहेर काढला. "आई, ही मरेल हो."

मला कुणाचा राग आला कोण जाणे. माशांचा, काचवाल्याचा, आमच्या घरातल्या त्या शहाण्या गप्प बसण्याचा. "अहो, बसलात काय नुसते!" मी ओरडले. "तो हात काढा खिशातून आणि घाला पाण्यात! एवढा थरथरतोय, तर होऊ दे की कुणाला उपयोग!"

सूनबाई खाली मान घालून चिमटा पुसायला लागली. मी जीभ चावली, पण बोलून गेले होते. हे माझ्याकडे बघत राहिले. वाटलं, आता चपला घालून बाहेर जातील आणि जेवायलाही येणार नाहीत.

ते उठले. उजवा हात खिशातून काढला. "सरक बाळा," ते सूनबाईला म्हणाले, आणि मला म्हणाले, "तू जाळी धर. माझ्या वळणाच्या माशांना जरा कोपऱ्यात घे."

मी जाळी घेऊन टाकीवर ओणवी झाले. चिमटा पाण्यात उतरला आणि अळी वळवळायला लागली. खरोखरीची, जिवंत. दगडामागून एक पाय आला, मग दुसरा. धाकटीने मान तिरकी केली, अळीला नीट न्याहाळलं आणि झडप घातली. दोनदा आवंढा गिळून ती पुन्हा वर बघायला लागली.

"आणखी मागतेय!" सूनबाई म्हणाली. ती हसत होती आणि नाकही पुसत होती. "बाबा, कसलं जमलं तुम्हाला!"

"ह्याच हातातून गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा स्क्रू उडाला होता," हे दुसरी अळी उचलत म्हणाले. "सबंध दुपार जमिनीवर रांगत शोधला. नाहीच मिळाला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही."

हे मला माहीत नव्हतं.

धाकटी पोट भरून टाकीतल्या झाडाच्या पानांवर पसरली, तेव्हा मी म्हणाले, "आधी साबणाने हात धुवा. विष आहे ते." हे धुऊन आले आणि हात टेबलावर ठेवून बसले. ओला, थरथरता, सगळ्यांसमोर. मी त्याच्याकडे पहिल्यांदाच उघडपणे बघितलं.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"मला कुठलं कळायला? मी बायको ना तुमची."

"मग बोलली नाहीस कधी."

"लपवायला एवढी मेहनत घेत होतात. म्हटलं, वाया कशाला घालवायची."

हे हसले. बऱ्याच दिवसांनी इतके हसले.

"बाबा, उद्या सकाळी पण भरवाल ना हिला?" सूनबाईने विचारलं.

"सकाळी नाही जमायचं. संध्याकाळी भरवतो." ते टॉवेलने एकेक बोट पुसत होते. "सकाळी आम्हा दोघांना डॉक्टरकडे जायचंय. हा हात दाखवायला."

मी "हो" म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा म्हटलं.