दातांना बसायला जागा

माणसांचे दात जिथे तयार होतात, तिथे काम करणाऱ्या बाईने स्वतःचे दात खाऊन खाऊन झिजवावेत, याला दिव्याखाली अंधार नाही तर काय म्हणायचं? सूनबाईचं अगदी तसंच झालं होतं. सूनबाई हे काही तिचं नाव नव्हे. सासूबाई लग्नाच्या दिवसापासून तिला तशी हाक मारत, आणि मग सगळ्या जिन्याने ती उचलली. एकदा नवऱ्यानेही चुकून तीच हाक मारली आणि आठवडाभर ऐकून घेतलं.

ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या हिरड्यांचे साचे पाठवत आणि सूनबाई खिडकीजवळच्या टेबलाशी बसून लाल मेणावर एकेक दात उभा करी. हात चांगला होता तिचा. कुणाचा पुढचा दात जरा वाकडा होता असं कळलं, तर ती कवळीतही तो जरासा वाकडा बसवायची, म्हणजे घरच्यांना आपलं माणूस परत मिळाल्यासारखं वाटे. काम तिला मनापासून आवडायचं. आवडत नव्हते ते मालक.

मालकांना सगळे पाठीमागे 'कालच' म्हणत. कारण कुठलंही काम हातात ठेवताना ते म्हणायचे, "हे मला कालच हवं होतं." सकाळी दहाला आलेला साचाही त्यांना कालच हवा असे. माणूस वाईट होता असं नाही, पण डॉक्टर फोनवर त्यांना झापत, आणि ती बोलणी ते गरमागरम आणून टेबलावर ओतत. त्यात त्यांना मागे उभं राहायची खोड. हातात किल्ल्यांचा जुडगा, तो खुळखुळवत ते खुर्चीमागे येऊन थांबायचे आणि काही बोलायचे नाहीत. बोलले असते तर परवडलं असतं.

सूनबाई उलट उत्तर देणाऱ्यातली नव्हती. ती दातओठ खायची, आणि तेही शब्दशः. दिवसभर जबडा आवळलेला, कानशिलं ठणकत, आणि संध्याकाळी घरी आली की तोंड कुलूप लावल्यासारखं बंद. जेवण डब्यातलं असो की ताटातलं, ते गिळायचं आणि उठायचं. नवरा शाळेची बस चालवायचा. दिवसभर पोरांचा कालवा ऐकून आलेल्या त्या बिचाऱ्याला घरात शांतता हवी असायची, पण ही असली शांतता त्यालाही नको झाली होती. "रात्री झोपेत खडे चावतेस का गं?" असं त्याने एकदा विचारलं, तर "तुमचं आपलं काहीतरीच," म्हणून तिने पाठ फिरवली.

एरवी त्या घरात शांतता असण्याचं कारण नव्हतं, कारण घरात सासूबाई होत्या आणि सासूबाईंचं हसणं होतं. ते हसणं म्हणजे प्रकरणच. आधी खांदे हलायचे, मग डोळ्यांना पाणी, आणि मग असा आवाज निघायचा की खालच्या मजल्यावरचा शिंपी मशिन थांबवून विचारायचा, "काय झालं हो काकू, आम्हालाही सांगा." पण वर्षभरात त्यांचे उरलेसुरले दात काढावे लागले आणि हसणंही दातांबरोबर गेलं. हसू आलं की त्या चटकन तोंडावर हात धरत, आणि हातामागे ते तिथल्या तिथे विझून जाई. पुढेपुढे तर हसूच येईनासं झालं.

अशात त्यांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. पुष्कळ वर्षं दूर राहिलेली थोरली मावशी महिनाअखेर भेटायला येणार होती. लहानपणी दोघींना हसण्यावरून वर्गाबाहेर उभं करत, आणि बाहेर उभ्या राहूनही त्या हसत. फोन ठेवून सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई, ती येईल आणि मी तोंड झाकून बसेन. ते मला नाही गं सोसायचं."

सूनबाई हातातलं काम टाकून वळली. "मी आहे ना," ती म्हणाली. "अशी कवळी करते की मावशी विचारतील, तुझे दात पडलेच नाहीत का म्हणून."

तिच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंच्या हिरड्यांचे साचे घेतले. आता जबड्यांच्या उंचीचं, म्हणजे दोन्ही जबड्यांमधल्या अंतराचं, माप राहिलं. "ते मी घेते उद्या," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तर सूनबाई म्हणाली, "कशाला? त्या घरातच आहेत, मीच घेईन." स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून तिने सासूबाईंना तोंड सैल मिटायला सांगितलं, नाकापासून हनुवटीपर्यंत माप घेतलं, आणि जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने घास आणि दुसऱ्या हाताने मेण सांभाळत, कवळी उभी केली. मागे किल्ल्या खुळखुळत होत्याच. मेणातली कवळी पक्की करण्याआधी तोंडात बसवून बघायची असते, पण कालचच्या धबडग्यात तिने तेही टाळलं. घरचंच माणूस, काय बिघडतंय?

बिघडायचं ते बिघडलं. कवळी दिसायला सुरेख झाली होती, पण सासूबाईंनी ती घालून तोंड मिटलं आणि घरात एक अनोळखी बाई आली. ओठ ताणलेले, हनुवटी पुढे, चेहरा असा, की आता कुणाला तरी फैलावर घेणार. बोलायला गेल्या तर दातावर दात टकाटक वाजायला लागले.

"कशी आहे?" सूनबाईने विचारलं.

"छान आहे. पण, टक, या दातांना, टक, बसायला जागाच नाही गं. सारखे आपले उभेच."

नवऱ्याला हसू आलं. सूनबाईला रडू आलं. इतकी वर्षं परक्या माणसांना दात दिले आणि आपल्या माणसाच्या तोंडात ही खडाष्टकाची जोडी बसवली! ती रागाने तणतणत नवऱ्यावर घसरली, आणि सासूबाईंनी कवळी काढून मुकाट्याने वाटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती वाटीतली कवळी घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी कवळी बघितली, माप विचारलं, आणि मग विचित्रच प्रश्न केला.

"तोंड मिटून बस बरं. आता तुझे दात कुठे आहेत?"

"कुठे म्हणजे? तोंडात."

"एकमेकांवर टेकलेत?"

"टेकलेत की. टेकतातच ना."

डॉक्टरीणबाई हातातली कवळी खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिल्या. "अगं, टेकतात? तूच नवीन मुलींना शिकवतेस ना, आरामात बसलेल्या माणसाचे ओठ मिटलेले असतात आणि दात सुटे असतात म्हणून? मधे फट असते. दात टेकायचे ते घास चावताना आणि गिळताना. तू आरामाचं माप घेतलंस आणि त्यातून ती फट वजाच केली नाहीस, म्हणून दात उंच झाले."

सूनबाईने ती कवळी उचलून बघितली. हा तर तिच्या धंद्यातला पहिला धडा. मोजमाप चुकलं नव्हतं, हातही चुकला नव्हता. आराम कसा असतो तेच तिचं तोंड विसरलं होतं. तिने खाली बघून दात अलग करायचा प्रयत्न केला, आणि जबड्यातून कानापर्यंत अशी एक कळ सुटली की डोळ्यांत पाणीच आलं. मग मात्र ती घळाघळा रडली. डॉक्टरीणबाईंनी तिला रडू दिलं आणि मधल्या वेळात दोन चहा मागवले.

"नवी करावी लागेल," त्या चहा पिता पिता म्हणाल्या. "पण आधी स्वतःच्या तोंडात फट कर. नाहीतर पुन्हा हीच होईल."

"कालच समोर असताना?"

"त्याला बदलायचं औषध माझ्याकडे नाही. तुझा जबडा तुझा आहे, तेवढं बघ. आणि माप या खेपेला मी घेणार."

सूनबाईने मग कामावर जे काही केलं ते सांगण्यासारखं मोठं काही नाही. टेबलावरच्या दिव्याला तिने लाल मेणाचा एक ठिपका चिकटवला. ठिपका दिसला की दात सोडायचे, खांदे सोडायचे, एक श्वास सावकाश बाहेर टाकायचा. पहिल्या दिवशी प्रत्येक वेळी दात आवळलेलेच सापडले आणि तिला त्याचाच राग येऊन ते आणखी आवळले गेले. दुसऱ्या दिवशी तिला स्वतःचं हसू आलं. डबा तिने टेबलावरून उचलला आणि मागच्या जिन्यावर उन्हात बसून खायला लागली. तिथे शेजारच्या छापखान्यातली एक बाई बसायची. तिचाही एक कालच होता. दोघी आपापल्या मालकांची नक्कल करत, आणि नक्कल जमली की घास गोड लागे. संध्याकाळी निघताना ती कोमट पाण्याने हात धुवायची, नखांतलं साच्यांचं प्लास्टर निघेपर्यंत, अगदी निवांत. मालकांचा आवाज तिथेच मोरीत सोडून जायचं असं तिने ठरवलं होतं. कधी सुटायचा, कधी घरापर्यंत यायचा. पण आता आला की ती नवऱ्याला सरळ सांगे, "आज डोकं फिरलंय, थोडा वेळ द्या." तो बिचारा भाजी चिरायला घ्यायचा. मूग गिळून बसण्यापेक्षा हे सगळ्यांनाच सोपं गेलं.

राहिलं ते मागे उभं राहणं. नव्या कवळीचे दात मेणावर बसवायला घेतले त्या दुपारी किल्ल्या आल्या. सूनबाईने ठिपक्याकडे बघितलं, दात सोडले, आणि चिमटा खाली ठेवून मान वळवली.

"साहेब, तुम्ही मागे उभे राहिलात की माझा हात आवळतो, आणि मग कवळी पुन्हा करावी लागते. तुमचं काम उद्या चारला मिळेल, नीट मिळेल. मागे नका उभे राहू."

शेजारच्या टेबलांवरच्या मुली वळून बघायला लागल्या.

"मी? मी कधी मागे उभा असतो?" मालक तिच्या मागे उभं राहून म्हणाले.

कुणाला तरी खोकला आला. मालकांनी इकडेतिकडे बघितलं, किल्ल्या खिशात घातल्या आणि ते आपल्या खोलीत गेले. त्यांचं मनपरिवर्तन वगैरे काही झालं नाही, कारण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. पण येताना दारातूनच खाकरले, आणि टेबलाच्या बाजूने आले. सूनबाईला तेवढं पुरलं.

नवी कवळी आधी मेणात बसवून बघितली, मग पक्की केली. सासूबाईंनी तोंड मिटलं. ओठ अलगद मिटले, गाल भरले, आणि आरशात त्यांना स्वतःची ओळख पटली. बोलल्या तर काही वाजलं नाही. "आता बसलेत हो," त्या म्हणाल्या, "मांडी घालून बसलेत." पण हसल्या नाहीत. हात मात्र सवयीने तोंडाकडे गेला. सूनबाईच्या जिवाला तीच एक टोचणी राहिली.

थोरली मावशी आली ती रविवारी सकाळी. बहीण दिसताच तिने जिन्यातच गळामिठी मारली, मग दोघी शेजारी शेजारी बसल्या, आणि तासभर नुसत्या आजारपणाच्या आणि कोण कुठे असतं त्याच्या गप्पा. सूनबाई चहाचे कप भरत होती आणि कान तिकडेच होता. मग मावशींनी शाळेतल्या गणिताच्या बाईंची गोष्ट काढली. फळ्यावर लिहिता लिहिता त्या झोपायच्या म्हणे, आणि खडूची रेघ खाली खाली जमिनीपर्यंत यायची. मावशींनी उठून ती रेघ भिंतीवर बोटाने काढून दाखवली आणि रेघेबरोबर स्वतःही बहिणीच्या पायाशी खाली बसल्या.

सासूबाईंचे खांदे हलले. डोळ्यांना पाणी आलं. आणि मग तो आवाज निघाला, वर्षभर कोंडलेला, भिंती हलवणारा. सूनबाईच्या हातात चहाचं भांडं तसंच राहिलं. त्या आवाजाच्या भरात खालची कवळी सुटली, ओठांवरून उडाली आणि टुणकन जाऊन मावशींच्या मांडीत पडली.

पुन्हा चुकलं, सूनबाईला वाटलं. ती सासूबाईंच्या हातांकडे बघत राहिली, आता ते तोंडावर जाणार म्हणून. पण हात कुठेच गेले नाहीत. एक बहिणीच्या खांद्यावर होता आणि दुसऱ्याने त्या मांडी बडवत होत्या. अर्धं बोळकं उघडं टाकून त्या आणखीच जोरात हसत होत्या.

"अगं, लोक ऐकतील!" मावशी डोळे पुसत म्हणाल्या.

"ऐकू देत! हसतील त्यांचे दात दिसतील!" सासूबाई म्हणाल्या, आणि बहिणीच्या मांडीकडे बोट दाखवून, "आपले बघ कुठे दिसताहेत!"

खाली शिंप्याचं मशिन थांबलं. सूनबाईने भांडं ओट्यावर ठेवलं आणि ती हसायला लागली. सुरुवातीला जबडा दुखला, मग दुखायचा राहिला. कवळी जरा घट्ट करून द्यायला हवी होती, ते तिला दिसत होतं. पण आज रविवार होता, आणि त्या कवळीची घाई त्या खोलीत कुणालाच नव्हती.