चाळलेली माती

मित्रांनो, इंदूबाईंच्या ओसरीत खुंटीला टांगलेला मी तुम्हाला मोडका चिमटाच वाटेन. मी जमिनीतला ओलावा मोजणारा जुना सेन्सर आहे. माझे दोन दात मातीत खुपसले की माती तहानलेली आहे का, ते मी सांगतो. तहानलेली असेल तर तांबडा दिवा, नसेल तर हिरवा. बोलायला माझ्याजवळ एवढंच आहे.

मी घडलो कारखान्यात, पण शहाणा झालो यवतमाळच्या एका प्रयोगशाळेत. तिथे माहनूर नावाची मुलगी नोकरीला होती. ज्या शेतात जायचं तिथलीच माती ती सेन्सरला आधी ओळखायला लावी. भट्टीत माती कोरडी करायची, तोलायची, मापून पाणी मिसळायचं आणि दर वेळी माझा आकडा त्याच्याशी जुळवायचा. माझ्यासाठी इंदूबाईंच्या शेतातून डबाभर माती आली होती. काय सुरेख माती! पिठासारखी मऊ. या भागातली माती बहुतेक अशीच, म्हणून माहनूरलाही शंका आली नाही. मी मन लावून शिकलो आणि तिच्या शाबासकीने फुगून गेलो.

इंदूबाईंचं शेत राळेगावकडे, वर्धा नदीच्या काठाला. बोंडअळीने घरोघरची कपाशी खाल्ली, त्याच्या पुढचं वर्ष. पाऊस लवकर उघडला होता. विहिरीतलं पाणी बोंडं भरेपर्यंत पुरवायचं होतं, त्यासाठीच तर मला आणलं होतं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडांच्या, ओळीत मला रोवलं आणि मी गोंधळलो. दातांना लागली ती भरड रेती. तिच्यात पाणी ठरतच नव्हतं, आणि थोड्या ओलाव्यावरही पऱ्हाटीचं भागत होतं. माझ्या शिकवणीच्या हिशेबाने मात्र ती माती सदा तहानलेलीच. तांबडा दिवा लागला तो विझेना.

इंदूबाई मोटार लावत, पाणी रेतीतून खाली निघून जाई, दिवा तांबडाच. सून साधना विहिरीत डोकावून येई आणि पाणी तळाला चाललंय म्हणून सांगे. इंदूबाई माझ्याकडे बघत म्हणत, "मशीन कायले खोटं बोलीन?"

एवढा विश्वास माझ्यावर कुणीच ठेवला नव्हता. मला ओरडावंसं वाटे, पण मला तोंड कुठे आहे?

बोंडं धरली आणि विहीर आटली. त्याच सुमारास माहनूर पाहणीला आली. मूठभर माती उचलून ती बघतच राहिली. डब्यातली माती अशी नव्हती, म्हणाली. इंदूबाई जरा लाजल्या.

"चाळून देल्ली होती ना मी, पिठाच्या चाळणीनं. असा खड्यारेतीचा कचरा परक्याच्या पोरीले कसा पाठवाचा?"

माहनूर तिथेच बांधावर बसली. आहे तशी द्या, हे सांगायचं आपणच विसरलो, एवढंच ती म्हणाली. कुणी कुणाला दोष दिला नाही. त्याने विहिरीत पाणी येणार नव्हतं.

न चाळलेली रेती नेऊन तिने मला पुन्हा शिकवलं. परत शेतात रोवलं तेव्हाही तांबडाच दिवा लागला, आणि या वेळी तो खरा होता. ओलिताला थेंब नव्हता. बोंडं सुपारीएवढीच राहून झाडावर वाळली. साधनाने झाडं उपटून चुलीला लावली.

मित्रांनो, कुणी तुमची माती मागितली तर आहे तशी द्या, खड्यांसकट. तिची लाज धरू नका. आणि मागणाऱ्यांनो, कशाला हवी ते नीट सांगा.

शेतात आता मला कुणी नेत नाही. इंदूबाई मात्र अजून मला खुंटीवरून काढतात आणि पदराने माझे दात पुसतात. मातीचा एक कणही राहू देत नाहीत.